कोयनेच्या भेगा आणि त्रिकोणांचे गणित

११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे चार वाजून एकवीस मिनिटांनी पश्चिम महाराष्ट्र हादरला. सातारा जिल्ह्यातील कोयनानगरची बहुतेक घरे जमीनदोस्त झाली. पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली. रिश्टर मापनश्रेणीवर या भूकंपाची नोंद सुमारे ६.३ इतकी झाली. दख्खनचे पठार म्हणजे भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक प्रदेश, असे तोपर्यंत मानले जाई. त्या समजुतीला या एका पहाटेने तडा दिला.

तडा आणखी एका ठिकाणी गेला होता. कोयनेचे धरण १०३ मीटर उंचीचे आहे. भूकंपाच्या वेळी भिंतीमागे पायापासून ९१ मीटरहून अधिक उंचीपर्यंत पाणी होते. खाली पाटण, त्यापुढे कराड, आणि तिथे कोयना कृष्णेला मिळते. भिंत फुटली असती तर काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. भिंत फुटली नाही. परंतु पाहणी केल्यावर सांडव्याच्या दोन्ही बाजूंच्या उंच ठोकळ्यांवर आडव्या भेगा आढळल्या. त्या पाण्याकडच्या बाजूला होत्या, तशाच खालच्या बाजूलाही होत्या. विशेष म्हणजे त्या पायाजवळ नव्हत्या. माथ्यापासून साधारण ३६ मीटर खाली, जिथे भिंतीच्या खालच्या बाजूचा उतार एकदम बदलतो, त्या पातळीच्या आसपास त्या पडल्या होत्या.

या धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा विचार झालाच नव्हता असे नाही. त्या काळच्या मान्य रीतीप्रमाणे तो झाला होता. मग भेगा का पडल्या, आणि नेमक्या तिथेच का? या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर १९७३ साली मिळाले, आणि ते संगणकाच्या मदतीने मिळाले. हे उत्तर समजून घ्यायचे तर आपल्याला शंभर वर्षे मागे जावे लागेल.

मुंबईहून गेलेला प्रश्न

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई शहराला पाणी पुरवण्यासाठी दगडी धरणे बांधण्याचा विचार चालू होता. मुंबई नगरपालिकेचे अभियंते कॅप्टन टुलॉक यांनी अशा धरणांच्या रचनेविषयी ग्लासगोचे प्राध्यापक विल्यम रँकिन यांचे मत मागवले. रँकिन हे नाव उष्मागतिकीमुळे आपल्याला परिचित आहे. त्यांनी दिलेला अहवाल १८७२ साली प्रसिद्ध झाला आणि धरणांच्या अभियांत्रिकीत तो पायाभूत ठरला.

रँकिन यांचे म्हणणे थोडक्यात असे. दगडी बांधकाम दाब उत्तम सोसते, ताण मात्र फारसा सोसत नाही. भिंतीवर पाण्याचा आडवा रेटा असतो आणि भिंतीचे स्वतःचे वजन खाली ओढत असते. या दोन बलांची बेरीज केली तर परिणामी बल तिरके येते. हे बल भिंतीच्या कोणत्याही आडव्या छेदाच्या मधल्या एक-तृतीयांश भागातून गेले पाहिजे. तसे झाले तर छेदावर सर्वत्र दाबच राहील, ताण कुठेच येणार नाही.

हा नियम सोपा आणि उपयोगी होता. कागद, पेन्सिल आणि पट्टी एवढ्यावर धरणाचा छेद ठरवता येऊ लागला. पण त्यात एक गृहीत दडलेले होते. छेदावर दाबाचे वाटप एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ रेषेत बदलत जाते, असे तो नियम धरून चालतो. उंच, सडपातळ खांबाच्या बाबतीत हे बरेचसे खरे असते. धरणाची भिंत मात्र खाली रुंद, वर निमुळती आणि पायाच्या खडकाशी जखडलेली असते. तिच्या आत काय घडते हे इतके सरळ नसते.

रबराची धरणे आणि हिशेब करणारी मुले

१८९५ साली फ्रान्समधील बूझे येथील दगडी धरण फुटून अनेक माणसे मेली. त्यानंतर जुन्या रीतीविषयी शंका वाढल्या. १९०४ साली लंडनमध्ये ॲचर्ली आणि संख्याशास्त्रज्ञ म्हणून प्रसिद्ध असलेले कार्ल पिअर्सन यांनी दाखवून दिले की, आडव्या छेदांचाच विचार करणे पुरेसे नाही. या वादाचा निकाल लावण्यासाठी काही अभियंत्यांनी चक्क रबराची आणि प्लॅस्टिसिनची छोटी धरणे करून पाहिली. दगडाचे विरूपण डोळ्यांना दिसत नाही, रबराचे दिसते व मोजता येते. या प्रयोगांचे निष्कर्ष १९०८ साली प्रसिद्ध झाले. प्रत्यक्ष वस्तूऐवजी तिची सोयीस्कर प्रतिकृती घ्यायची, तिच्यावर प्रयोग करायचा आणि त्यावरून मूळ वस्तूविषयी अनुमान काढायचे, ही प्रतिमानाची मूळ कल्पना होय. पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात सांडव्यांच्या अशा प्रतिकृतींवर आजही काम चालते.

याच सुमारास लुइस फ्राय रिचर्डसन या तरुण इंग्रज शास्त्रज्ञाने वेगळी वाट धरली. त्याने धरणाची प्रतिकृती रबरात न करता आकड्यांत केली. भिंतीच्या छेदावर चौकटींची जाळी आखायची. भिंतीतील प्रतिबलांचे समीकरण सलगपणे सोडवता येत नाही, तर निदान जाळीच्या प्रत्येक बिंदूवर ते अंदाजे पाळले जाईल असे आकडे शोधायचे. प्रत्येक बिंदूवरचा आकडा शेजारच्या बिंदूंवरून सुधारत जायचा, आणि आकडे बदलायचे थांबेपर्यंत हे करत राहायचे. दगडी धरणाला ही रीत लावून केलेला निबंध त्याने १९१० साली रॉयल सोसायटीपुढे मांडला.

या कामात इतके हिशेब होते की त्यासाठी रिचर्डसनने मुले कामाला ठेवली. अशा हिशेब करणाऱ्यांना त्या काळी इंग्रजीत 'कॉम्प्युटर' म्हणत. मोबदला उक्ता असे. जाळीच्या एका बिंदूमागे, आकड्यात जितके अंक असतील तितके अठरांश पेन्स. त्याने हेही नोंदवून ठेवले आहे की मुलांची मुख्य अडचण अधिक आणि उणे चिन्हांच्या सरमिसळीची होती. चपळ मुलांपैकी एक जण तीन अंकी आकड्यांच्या सरासरी २००० क्रिया आठवड्याला करी. चुकलेल्या क्रिया अर्थातच वजा. अधिक-उणेचा हा घोळ आपल्या वर्गातही काही नवा नाही.

ही रीत वर्गात करून पाहण्यासारखी आहे. धरणाचे समीकरण जरा अवघड आहे, म्हणून त्याऐवजी उष्णतेचे उदाहरण घेऊ. एक चौरस पत्रा घ्या. त्याची वरची कड १०० अंश तापमानाला आणि बाकीच्या तीन कडा शून्य अंशाला राखल्या आहेत असे समजा. पत्र्यावर तीन गुणिले तीन चौकटींची जाळी आखली तर आत चार बिंदू मिळतात, वर दोन आणि खाली दोन. चार बिंदूंवर चार मुले उभी करा. नियम एकच, प्रत्येकाने आपला आकडा म्हणजे चार बाजूंच्या शेजाऱ्यांच्या आकड्यांची सरासरी करायची. सुरुवातीला सर्वांचा आकडा शून्य. पहिल्या फेरीनंतर वरच्या दोघांकडे २५ येतात, खालच्यांकडे ० राहतो. दुसऱ्या फेरीनंतर ३१.२५ आणि ६.२५. तिसरीनंतर ३४.३७५ आणि ९.३७५. आकडे ३७.५ आणि १२.५ यांच्याकडे सरकताना दिसतील, आणि दर फेरीला उरलेले अंतर निम्मे होईल. पत्र्याचा एक तुकडाही न तापवता त्याच्या आतले तापमान आपण अंदाजाने काढले. चौकटी अधिक बारीक केल्या तर अंदाज सुधारेल, पण मुलेही अधिक लागतील.

विमानाच्या पंखाकडून धरणाच्या भिंतीकडे

चौकटींच्या जाळीची एक अडचण होती. वस्तूची कड तिरकी किंवा वाकडी असली की चौकटी तिच्याशी नीट जुळत नाहीत. यातून सुटका त्रिकोणांनी केली. कोणताही वेडावाकडा आकार त्रिकोणांनी भरून काढता येतो. १९४३ साली गणितज्ञ रिचर्ड कूराँ यांनी असा त्रिकोणी तुकड्यांचा उपयोग सुचवला होता, पण तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. हाताने करण्याजोगे ते गणित नव्हते.

ही कल्पना पुन्हा वर आली ती विमानांच्या कारखान्यात. जेट विमाने आली तसे पंख मागे झुकलेले किंवा त्रिकोणी आकाराचे होऊ लागले. लांब, सरळ पंखाला तुळईचे गणित चालत असे. या आखूड, रुंद पंखांना ते लागू पडेना. बोइंग कंपनीत टर्नर नावाच्या अभियंत्याच्या गटात बर्कले येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाचे तरुण प्राध्यापक रे क्लफ १९५२ आणि १९५३ च्या उन्हाळ्यात कामाला होते. या गटाने पंखाच्या पत्र्याचे त्रिकोणी तुकडे कल्पून त्याचे गणित बसवले. टर्नर, क्लफ, मार्टिन आणि टॉप यांचा तो निबंध १९५६ साली प्रसिद्ध झाला. युरोपात जॉन अर्गिरिस यांचेही काम याच दिशेने चालू होते.

या पद्धतीचे मर्म असे आहे. अख्ख्या वस्तूचे वागणे एका समीकरणात सांगणे कठीण असते. पण एक छोटा त्रिकोण घेतला तर त्याचे वागणे सोपे असते. त्याचे तीन कोपरे किती सरकले हे कळले की त्यात किती प्रतिबल निर्माण झाले हे सांगता येते, जशी स्प्रिंग किती ताणली यावरून तिचा ओढा कळतो. शेजारचे त्रिकोण कोपऱ्यांवर एकमेकांना जोडलेले असतात. प्रत्येक कोपऱ्यावर सर्व बलांचा तोल साधला पाहिजे, ही न्यूटनची अट घातली की प्रत्येक बिंदूसाठी दोन समीकरणे मिळतात, एक आडव्या दिशेचे आणि एक उभ्या दिशेचे. ही सारी समीकरणे एकदम सोडवायची. क्लफ यांनी १९६० साली या पद्धतीला 'फायनाइट एलिमेंट मेथड' असे नाव दिले. मराठीत आपण तिला सांत घटक पद्धत म्हणतो.

समीकरणे सोपी असली तरी त्यांची संख्या मोठी असते, आणि इथे संगणकावाचून चालत नाही. बर्कलेला सुरुवातीला जो आयबीएम ७०१ संगणक उपलब्ध होता त्यावर एका वेळी जास्तीत जास्त ४० समीकरणे सुटत. चाळीस समीकरणे नेहमीच्या लोप करण्याच्या रीतीने सोडवायला साधारण २१,००० गुणाकार लागतात. आठवड्याला २००० क्रिया करणाऱ्या रिचर्डसनच्या त्या चपळ मुलाच्या वेगाने धरले तर दहा-अकरा आठवडे. आता ५०० बिंदू, म्हणजे १००० समीकरणे घेऊ. गुणाकार होतात सुमारे ३३ कोटी. त्या वेगाने तीन हजारांहून अधिक वर्षे लागतील! समीकरणांची संख्या दहापट झाली की काम हजारपट होते. संगणकाची ताकद वाढत गेल्याखेरीज ही पद्धत कागदावरच राहिली असती, ती या कारणाने.

विमानाचे गणित धरणाकडे वळले ते एका भेगेमुळेच. अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात नॉरफोर्क नावाचे काँक्रीटचे धरण आहे. त्याच्या एका ठोकळ्यात तापमानातील फरकामुळे उभी भेग पडली होती. ती किती धोक्याची, हे तेथील लष्करी अभियंत्यांना ठरवायचे होते. काँक्रीट धरणांचे जाणकार रॉय कार्लसन यांनी क्लफ यांची नवी पद्धत वापरून पाहावी असे सुचवले. क्लफ आणि त्यांचे विद्यार्थी एडवर्ड विल्सन यांनी भेगेसकट धरणाचे प्रतिमान संगणकावर मांडले. हे काम १९६२ साली प्रसिद्ध झाले आणि स्थापत्य अभियंत्यांना पद्धतीची ताकद कळली. योगायोग असा की चीनमध्ये फंग कांग हे गणितज्ञ पीत नदीवरील लिऊच्या-श्या धरणाच्या हिशेबांतून स्वतंत्रपणे याच पद्धतीपाशी पोहोचले. त्यांचा निबंध १९६५ चा आहे.

कोयनेची परीक्षा

आता कोयनेकडे परत येऊ. धरणाचा आराखडा करताना भूकंपाचा विचार कसा केला होता? त्या काळची रीत अशी होती की भिंतीच्या वजनाचा ठरावीक अंश आडवे बल म्हणून तिच्यावर सतत लावलेला आहे असे धरायचे. कोयनेसाठी हा अंश ०.०५ होता, म्हणजे वजनाच्या पाच टक्के. हा अंश पायापासून माथ्यापर्यंत सारखाच धरलेला होता.

सुदैवाने धरणाच्या आत एक त्वरणलेखक बसवलेला होता आणि त्याने भूकंपाची नोंद केली. रुडकी विद्यापीठातील जय कृष्ण व त्यांच्या सहकाऱ्यांनी या नोंदीचा अभ्यास १९६९ साली प्रसिद्ध केला. नदीच्या प्रवाहाच्या दिशेने जमिनीचे कमाल त्वरण गुरुत्व त्वरणाच्या जवळजवळ निम्मे होते. आराखड्यातल्या अंशाच्या ते सुमारे दहापट भरते. पण दहापट आकडा एवढ्यानेच भेगांची जागा समजत नाही. जुन्या रीतीत नुसता आकडा दहापट केला तर सर्वांत जास्त प्रतिबल पायाजवळ येते. भेगा तर वर होत्या.

बनारस हिंदू विद्यापीठातून १९६० साली पदवी घेऊन बर्कलेला गेलेले अनिल चोप्रा तिथे धरणांच्या कंपनांचा अभ्यास करत होते. त्यांनी आणि पी. चक्रबर्ती यांनी कोयनेच्या भिंतीचा छेद छोट्या घटकांत विभागला, भिंतीला रेटणाऱ्या पाण्याचा परिणाम धरला, आणि पायाला प्रत्यक्ष नोंदवलेला हादरा दिला. क्षणाच्या छोट्या छोट्या भागांनी भिंत कशी हलते याचा हिशेब संगणकाने केला. तो निबंध १९७३ साली प्रसिद्ध झाला.

निष्कर्ष स्पष्ट होता. भिंत म्हणजे जमिनीबरोबर हलणारा ताठ दगड नव्हे. पायाशी रोवलेल्या लवचिक पट्टीसारखी ती डोलते, आणि कोयनेच्या भिंतीला एका डोलण्यासाठी सुमारे एक-तृतीयांश सेकंद लागतो. पाया हलला की माथा त्याहून कितीतरी अधिक हलतो. वरचा जड भाग मागे-पुढे झोकांड्या खातो आणि त्याचा सारा मारा भिंत जिथे एकदम निमुळती होते तिथे येतो. बरोबर त्याच पातळीवर, आधी एका आणि मग दुसऱ्या बाजूला, काँक्रीटच्या ताण सोसण्याच्या अंदाजित मर्यादेच्या दुप्पट-तिप्पट ताण निर्माण होत होता. सांडव्याच्या ठोकळ्यांचा आकार वेगळा असल्याने तिथे भेगा पडल्या नव्हत्या, तेही या विश्लेषणाशी जुळत होते.

यातून एक अस्वस्थ करणारी गोष्टही पुढे आली. जुन्या रीतीप्रमाणे वरच्या भागात प्रतिबल कमी येते, म्हणून तिथे कमी मजबुतीचे काँक्रीट चालेल असे मानले जाई. भूकंपात मात्र वरच्या भागालाच अधिक मजबुती लागते. म्हणजे रीत केवळ अपुरी नव्हती, ती मजबुती चुकीच्या जागी ठेवायला सांगत होती. भूकंपानंतर लगेच भेगा बुजवून उंच ठोकळे पोलादी तारांनी आवळण्यात आले होते. पुढच्या काही वर्षांत खालच्या बाजूने काँक्रीटचे टेकू देऊन ते कायमचे बळकट केले गेले.

तेव्हापासून कोयनेचे धरण जगभरच्या संशोधकांची कसोटी झाले. प्रत्यक्ष हादऱ्याची नोंद आहे आणि प्रत्यक्ष भेगांची जागा माहीत आहे, अशी धरणे फार थोडी. काँक्रीटला भेग कशी पडते व कुठवर जाते, याचे नवे संगणकीय प्रतिमान केले की ते आधी कोयनेवर लावून पाहायचे, असा जणू प्रघात पडला.

प्रतिमान काय सांगते आणि काय सांगत नाही

इथे एक खबरदारी घ्यायला हवी. चोप्रा-चक्रबर्ती यांच्या प्रतिमानात काँक्रीट स्थितिस्थापक मानले होते. भेग कुठे सुरू होईल हे ते सांगू शकले. एकदा भेग पडल्यावर ती किती खोल जाईल, हे सांगणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. प्रतिमानात जे घातलेलेच नाही ते त्यातून बाहेर कसे येणार?

याचा महागडा धडा नॉर्वेत मिळाला. उत्तर समुद्रात खनिज वायूसाठी उभारायच्या 'स्लाइप्नर ए' या फलाटाचा काँक्रीटचा प्रचंड पाया २३ ऑगस्ट १९९१ रोजी स्टाव्हांगरजवळच्या खाडीत चाचणीसाठी खाली उतरवत असताना फुटला आणि बुडाला. सुदैवाने त्यावरचे सर्व लोक वाचले. चौकशीत असे आढळले की त्याचा आराखडा सांत घटक पद्धतीनेच केला होता. पण भिंती जिथे एकमेकींना मिळतात त्या सांध्यावर घटक फार ढोबळ घेतले होते. त्यामुळे तिथले कातर प्रतिबल प्रत्यक्षापेक्षा ४७ टक्क्यांनी कमी आले, आणि पोलादही त्या मानाने कमी घातले गेले. नंतर बारकाईने केलेल्या हिशेबाने तो पाया ६२ मीटर खोलीवर फुटेल असे दाखवले. प्रत्यक्षात तो सुमारे ६५ मीटरवर फुटला होता. म्हणजे पद्धत खोटी नव्हती. संगणकानेही बेरीज चुकवली नव्हती. जाळी कुठे बारीक हवी हे ठरवणे माणसाचे काम होते, ते नीट झाले नाही, आणि संगणकाने दिलेला आकडा कोणी दुसऱ्या रीतीने पडताळला नाही.

आम्ही संशोधक मंडळी रोज अशी प्रतिमाने वापरतो. पडद्यावर रंगीत चित्र उमटले की ते खरेच वाटू लागते, हा मोह आम्हालाही चुकत नाही. म्हणून प्रत्येक प्रतिमानाला तीन प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी लागते. यात काय गृहीत धरले आहे? जाळी दुप्पट बारीक केली तर उत्तर बदलते का? आणि याची प्रत्यक्ष मोजमापाशी गाठ कुठे घातली आहे? पत्र्याच्या चार बिंदूंचा खेळ खेळल्यावर विद्यार्थ्यांना हेच प्रश्न विचारता येतील. सोळा चौकटी घेतल्या तर मधल्या बिंदूंचे आकडे बदलतील का, हे त्यांनाच करून पाहू द्यावे.

हे प्रश्न केवळ अभ्यासाचे नाहीत. भारतात पाच हजारांहून अधिक मोठी धरणे आहेत आणि त्यांतील सर्वाधिक महाराष्ट्रात आहेत. त्यांपैकी पुष्कळ धरणांचा आराखडा जुन्या रीतीनेच झालेला आहे. २०२१ साली देशात धरण सुरक्षा कायदा झाला. धरणांची नव्याने तपासणी करायची तर संगणकीय प्रतिमाने लागतीलच. पण त्यांना खुराक हवा तो मोजमापांचा. काँक्रीट आज किती मजबूत आहे, भिंतीतून पाणी किती झिरपते, जमीन कशी हलते, हे कुणीतरी तिथे जाऊन मोजावे लागते. कोयना परिसरात भूकंपांचे मूळ शोधण्यासाठी सुमारे ३ किलोमीटर खोलीचे विवर २०१७ साली पूर्ण झाले, तेही याच साखळीतले पाऊल आहे. १९६७ च्या त्या पहाटे धरणाच्या पोटात तो त्वरणलेखक चालू नसता, तर बर्कलेच्या संगणकाला हिशेब करायला काहीच मिळाले नसते.